एकवीस बेदाणे

सांगलीत राहून बेदाण्याला विष म्हणणं आणि कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला पाणी म्हणणं, दोन्ही सारखंच. कोणी मारत नाही, पण पुन्हा पंगतीला बोलवतील याची खात्री नसते. आमच्या घरात हे म्हटलं गेलं, आणि तेही सत्यनारायणाला, तासगावच्या मामांच्या तोंडावर.

मामांची तीन एकर द्राक्षबाग आहे. दर उन्हाळ्यात शेडवरच्या जाळ्यांवरून माल उतरला की ते आमच्याकडे दोन किलो बेदाणा घेऊन येतात. येताना हातात पिशवी आणि तोंडात हिशोब असतो : चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा कुठं एक किलो बेदाणा होतो, म्हणजे ही पिशवी दोन किलोची दिसत असली तरी तुम्ही आठ किलोचे मिंधे आहात. पिशवी काकू घेतात. पुढे ती काकूंच्या कपाटात जाते आणि तिथून ती परत आलेली आमच्या पिढीत कोणी पाहिलेली नाही.

यंदा वैशाखी पौर्णिमेला पूजा होती. शिरा काकूंचाच. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप, केळी, दूध. पातेलं उतरवताना काकूंनी मामांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "सढळ हातानं घातलेत हो, मामा, तुमचेच बेदाणे." मामा लोडाला टेकून प्रसन्न झाले.

आरती झाली, द्रोण वाटून झाले, आणि उरलेल्या शिऱ्याचं पातेलं कोणीतरी (हे 'कोणीतरी' म्हणजे मी, पण त्या दिवशी मी ते कबूल केलं नव्हतं) मागच्या पडवीत पाटावर ठेवलं. पडवीत ढब्बू बांधलेला असतो. म्हणजे बांधलेला असायला हवा होता. ढब्बू आमचा गावठी कुत्रा, वजन चौदा किलो, त्यातलं निम्मं बहुधा पोट. पाच मिनिटांनी मुलगी ओरडत आली, "बाबा, ढब्बूनं पातेलं घासून ठेवलंय!"

भटजी शांतपणे म्हणाले, "खाऊ द्या हो. प्रसादच आहे." बरोबरच होतं. प्रसाद न घेता धावत सुटलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव कशी बुडाली, हे तासाभरापूर्वीच आम्ही सगळ्यांनी हात जोडून ऐकलं होतं. ढब्बूनं तर तो तळापर्यंत घेतला होता. पुण्याच्या बाबतीत तो आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला.

"पण त्यात बेदाणे होते ना?" मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "द्राक्षं, बेदाणे, मनुका, काहीच कुत्र्यांना चालत नाही. किडन्या जातात."

खोलीत शांतता पसरली. सगळे मामांकडे बघायला लागले.

"कुणी सांगितलं गं तुला?" मामा ताठ बसले. "पस्तीस वर्सं झाली बागंत कुत्री हायत आमच्या. घडच्या घड वडून खात्यात. तास-ए-गणेश द्राक्षं खाऊन कुत्री मरत असती तर तासगाव तालुक्यात एक कुत्रं ऱ्हायलं नसतं. आन् ह्यो सांगलीचा बेदाणा हाय, जीआय मिळालेला."

जीआय मानांकन हे माल कुठल्या गावचा ते सांगतं, ते किडनीचं प्रमाणपत्र नाही, हे त्या क्षणी बोलायची माझी छाती नव्हती. मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. घाईत स्पीकर सुरू झाला आणि तो बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. तिथून पुढचा सगळा घोटाळा.

"किती खाल्ले आणि किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

वेळ सांगता आली. दहा मिनिटं. किती, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अमुक इतके चालतात असा आकडा ठरलेला नाही, एखादा कुत्रा मूठभर पचवतो आणि एखाद्याच्या किडन्या थोडक्यात बंद पडतात. पण अंदाज हवा, त्यावरून घाई किती करायची ते ठरेल. "शिऱ्यात एकूण किती होते?"

"भरपूर!" काकू मागून म्हणाल्या.

मला वाटलं, सोपं आहे. लोकांच्या द्रोणात किती आले ते विचारू, एकूणातून वजा करू. मी पाहुण्यांना हात जोडून विचारलं, कोणाच्या द्रोणात किती बेदाणे होते? आता सांगा, यजमानीण समोर उभी असताना मराठी माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? "पाच-सहा तरी होते की!" शेजारचे काका म्हणाले. "मला तर घासाघासाला लागत होते," त्यांच्या सौ. म्हणाल्या, त्यांचे आम्ही दहा धरले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आठ सांगितले. एका गृहस्थांनी अजून द्रोणाला हातही लावला नव्हता, त्यांनीही संकोचानं "चार लिहा" म्हटलं. मुलगी कॅलेंडरच्या मागे लिहीत होती. सहा माणसांत चौतीस झाले आणि अजून अर्धी खोली बाकी होती.

"काकू," फोनमधून डॉक्टर म्हणाले, "घातले किती ते नेमकं सांगा. मूठभर? दोन मुठी?"

"आता मूठ म्हणजे..." काकू म्हणाल्या. "प्रत्येकाची मूठ वेगळी असते."

"काकू, कुत्र्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं. भांड्यांच्या मांडणीमागून त्यांचा दबका आवाज आणि स्पीकरवरचा डॉक्टरांचा मोठा आवाज, दोन्ही आम्हाला स्वच्छ ऐकू आले.

"एकवीस."

"एकवीस ग्रॅम?"

"एकवीस नग. मोजून घातलेत. शुभ आकडा असतो तो."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सव्वा किलो रव्यात एकवीस बेदाणे. दोन किलोची पिशवी. पाहुणे उगाचच पंख्याकडे बघायला लागले, कारण आता त्यांच्या चौतिसाचं काय करायचं हा प्रश्न होता. एकवीस उणे चौतीस. हिशोबानं ढब्बूनं उणे तेरा बेदाणे खाल्ले होते.

"हिशोब राहू द्या, उचला आणि घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "घरी काही पाजू नका. मिठाचं पाणी तर अजिबात नको, त्यानंच दुसरी विषबाधा व्हायची." तोवर शेजारच्या काकांनी मिठाची बरणी उघडलेली होती. ती त्यांनी पाठीमागे लपवली.

रिक्षात मी, मुलगी, मांडीवर ढब्बू आणि शेवटच्या क्षणी चढलेले मामा. माझ्या सोवळ्यावर तुपाचे पंजे उमटले होते. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मामा बाहेर बघत म्हणाले, "एकवीस. आरं, चहात साखर तरी एवढी मोजून घालत्यात का?" त्यांना दुःख नेमकं कशाचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. बाकी वर्णन टाळतो, कारण आपल्याकडे लोक मोबाइल बघत जेवतात. एवढंच सांगतो की डॉक्टरांनी हातमोजे घालून चिमट्यानं एकेक बेदाणा बाजूला काढला आणि मुलीनं मोठ्यानं मोजले. तुपात फुगलेले, न चावलेले, टपोरे. मामा वाकून बघत होते. "माल बगा डॉक्टर," ते न राहवून म्हणाले, "एवढं होऊनबी रंग सुटला न्हाई."

एकोणीस निघाले.

म्हणजे सगळे बेदाणे पातेल्याच्या तळाशी बसले होते, काकूंनी वरचावर वाढलं होतं, आणि शेजारच्या सौ.ना घासाघासाला जे लागत होते ते बेदाणे नव्हते. पण मला तेव्हा हसू येत नव्हतं. दोन राहिले होते.

सलाइन चालू असताना डॉक्टरांनी मामांनाही समजावलं. हे कशामुळे होतं ते कित्येक वर्षं कोणालाच कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, तेही एका कुत्र्यानं मुलांच्या खेळासाठी घरी मळलेला पिठाचा गोळा खाल्ला म्हणून. त्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लापासून बनणारी पूड होती, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षं खाल्ल्याची. हे आम्ल प्रत्येक जातीत, प्रत्येक पिकण्यात कमीजास्त असतं. "म्हणून तुमची कुत्री वाचली असतील, मामा. बेदाण्यात पाणी उडालेलं, बाकी सगळं तेवढंच. चार किलोचा एक किलो म्हणता ना तुम्ही?" स्वतःचाच हिशोब असा अंगावर आल्यावर मामा गप्प झाले. डॉक्टर पुढे म्हणाले, चिंचेतही तेच असतं, चिंचेचा कोळही देऊ नका. केळं द्या, बिया काढून सफरचंद द्या, आंब्याची फोड द्या पण साल आणि कोय नको. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आमच्या घरात उरलेली चिंचगुळाची आमटी कोणाला जाते, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे. उलट्या, मरगळ, आणि मुख्य म्हणजे लघवी कमी झाली तर ताबडतोब आणायचं. रोज सलाइन, रोज रक्त. आणि लघवीवर लक्ष.

गेटपासून चौकापर्यंत सतरा खांब आहेत. हे मला पूर्वी माहीत नव्हतं. दोन दिवस मी हातात वही आणि मागे टॉर्च धरलेली मुलगी घेऊन ढब्बूमागून फिरलो. पहिल्या रात्री सलाइन भरपूर गेलेलं, त्यामुळे सतराच्या सतरा खांब झाले, वर एका उभ्या स्कूटरचं चाक. मी प्रत्येक खांबाला "शाब्बास!" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवव्या खांबाला त्यानं नुसतंच हुंगलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी तिथेच उकिडवा बसून त्याची समजूत घालायला लागलो. फिरायला निघालेले एक निवृत्त गृहस्थ थांबले, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि मला त्यांच्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांचा नंबर देऊन गेले.

त्याच संध्याकाळी भटजींचा फोन आला, पूजेतला त्यांचा तांब्या आमच्याकडे राहिला होता. बोलता बोलता त्यांनी कुत्र्याची चौकशी केली. मी दोन बेदाण्यांची गोष्ट सांगितली.

"अहो, ते माझ्या द्रोणात होते," भटजी म्हणाले. "काकूंनी वर ठेवून दिले होते, दोन. मला कोणी विचारलंच नाही."

मी फोन ठेवून ढब्बूला मिठी मारली. त्याला शिऱ्याचा वास आला असावा, कारण त्यानं माझे खिसे तपासले. तिसऱ्या दिवशीचा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, १.१ म्हणजे ठीक आला आणि डॉक्टरांनी सुई काढली.

मामांनी महिनाभर फोन केला नाही. मग एक दिवस स्वतःच आले, ढब्बूसाठी केळ्यांची फणी घेऊन. बसले, पाणी प्यायले, आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "पुढल्या वर्साला बेदाणा आणू का नको?"

"आणा की," काकू म्हणाल्या. "शिऱ्यात मात्र आता एकही घालणार नाही, मामा. डॉक्टरांनीच सांगितलंय."