वर्ड सीडी मागतंय? मग आधी काहीही डिलीट करू नका

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "वर्ड परत सीडी मागतंय बघ. ग्रुपवर एक उपाय आलाय, विंडोजमधला कुठलासा फोल्डर उडवायचा म्हणे. उडवू का?" मी तिला म्हटलं, माउस खाली ठेव आणि दहा मिनिटं कशालाही हात लावू नकोस.

तिला आलेला तो मेसेज तुमच्यापैकी अनेकांकडेही आला असेल. जुनं ऑफिस (२०००, एक्सपी, २००३, २००७) वापरणाऱ्यांमध्ये तो सारखा फिरत असतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: वर्ड इन्स्टॉलेशन डिस्क मागायला लागलं की समजावं, कॉपी नकली आहे किंवा व्हायरस शिरलाय. मग नॉर्मल टेम्प्लेट (वर्डचं कोरं पान ज्या फाइलवरून बनतं ती) डिलीट करा, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदींचं भांडार) साफ करणारा क्लीनर चालवा, विंडोजमधला 'इन्स्टॉलर' फोल्डर आणि 'एमएसओकॅश' फोल्डर म्हणजे कचरा, तो काढा. तरीही डिस्कची मागणी थांबली नाही तर विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस बंद करा. आणि शेवटी ऑफिस काढून पुन्हा टाका.

यातला एक सल्ला अर्धा बरोबर आहे, दोन निरुपयोगी आहेत आणि उरलेले असे आहेत की त्यांनी बरा होणारा आजार कायमचा होऊन बसतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मुळात काय घडतं ते पाहू. ऑफिस २००० पासून, म्हणजे १९९९ पासून, ऑफिसची मांडणी विंडोज इन्स्टॉलर नावाच्या यंत्रणेकडे आहे. ही यंत्रणा प्रोग्रॅमचे छोटे छोटे भाग पाडते आणि प्रत्येक भागाची एक खूण लक्षात ठेवते. ती खूण कधी फाइल असते, कधी रजिस्ट्रीतली नोंद. तुम्ही वर्ड उघडता किंवा त्यातली एखादी सोय वापरता, तेव्हा त्या भागाची खूण जागेवर आहे का ते तपासलं जातं. नसेल तर यंत्रणा तो भाग आपणहून परत बसवायला घेते. बसवायला मूळ फाइल लागते, ती कॉम्प्युटरवर सापडली नाही की डिस्क मागितली जाते. डिस्कची खिडकी म्हणजे वर्डने केलेली तक्रार आहे: माझा अमुक भाग हरवलाय, तो आणून द्या.

आता नकली कॉपीचा मुद्दा. परवान्याची तपासणी आणि हा दुरुस्तीचा प्रकार यांचा एकमेकांशी संबंध नाही. परवान्याची अडचण असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनची खिडकी येते, आणि मुदत संपली की लिहिणं, सेव्ह करणं बंद होतं. डिस्क मागणारं वर्ड मात्र कॅन्सल दाबल्यावर बऱ्याचदा निमूट उघडतं आणि सगळं काम करतं. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या कॉपीतही हे होतं, आणि जास्त करून तिथेच होतं, कारण ती वर्षानुवर्षं त्याच मशीनवर असते आणि मधल्या काळात त्या मशीनची बरीच 'साफसफाई' झालेली असते.

व्हायरसबद्दल एवढंच: खऱ्या खिडकीत ऑफिसच्या आवृत्तीचं नाव असतं आणि ती डिस्क किंवा फोल्डर मागते. फोन नंबर, कार्डाचा तपशील किंवा पैसे मागणारी खिडकी आली तर ती ऑफिसची नाही, ती लगेच बंद करा. आणि घाबरून जाऊ नका, तुमच्या डॉक्युमेंट फाइल्स या सगळ्यापासून पूर्ण वेगळ्या असतात.

नॉर्मल टेम्प्लेट डिलीट करण्याचा सल्ला वर्डच्या प्रत्येक दुखण्यावर दिला जातो. वर्ड उघडताना कोसळत असेल, फॉन्ट आपोआप बदलत असेल, तर त्यात तथ्य आहे. डिस्कच्या मागणीशी मात्र या फाइलचा सहसा काही संबंध नसतो, आणि ती गेली की तुमचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या कामांच्या सूचना), ऑटोटेक्स्ट (साठवून ठेवलेला नेहमीचा मजकूर), बसवून घेतलेली पानाची मांडणी, सगळं तिच्याबरोबर जातं. शंका असेल तर पुसण्याआधी तपासता येतं. रनच्या खिडकीत वर्डच्या प्रोग्रॅमचं नाव, म्हणजे विनवर्ड, रोमन अक्षरांत लिहा, मग जागा सोडून स्लॅश आणि ए. अशा वेळी वर्ड टेम्प्लेट आणि अ‍ॅड-इन (वर्डला जोडलेले जादा प्रोग्रॅम) बाजूला ठेवून उघडतं. तरीही डिस्क मागितली तर टेम्प्लेट निर्दोष आहे. मागितली नाही, तर फाइल डिलीट न करता तिचं नाव बदला, वर्ड नवी बनवून घेईल.

रजिस्ट्री क्लीनर हा तर औषध म्हणून विष देण्याचा प्रकार आहे. वर सांगितलेल्या खुणांपैकी कित्येक रजिस्ट्रीतच असतात. क्लीनरला त्या निरुपयोगी वाटतात, तो त्या उडवतो, आणि पुढच्या वेळी वर्ड उघडलं की यंत्रणेला खूण सापडत नाही. 'कालपर्यंत ठीक होतं, आज अचानक सुरू झालं' असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, काल काय साफ केलंत?

आता फोल्डरांचा सल्ला. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

विंडोज फोल्डरच्या आत इन्स्टॉलर नावाचा लपवलेला फोल्डर असतो. त्यात अर्थहीन वाटणाऱ्या नावांच्या फाइल्स असतात आणि तो आकाराने मोठा होत जातो, म्हणून तो कचरा वाटतो. प्रत्यक्षात कॉम्प्युटरवर या यंत्रणेतून बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा नकाशा तिथे ठेवलेला असतो. काय बसवलं, कुठे बसवलं, काढताना काय काढायचं, ते सगळं त्यात. फक्त ऑफिसचाच नाही, इतर अनेक प्रोग्रॅमचाही. तो गेला की दुरुस्ती होत नाही, अपडेट बसत नाहीत, आणि प्रोग्रॅम काढायला गेलात तर तेव्हाही मूळ डिस्क मागितली जाते. म्हणजे मेसेजमधला हा सल्ला ऐकला की त्यातलाच शेवटचा सल्ला, ऑफिस काढून पुन्हा टाकण्याचा, पाळता येत नाही. डिस्क नाही म्हणून सुरू झालेली अडचण डिस्कशिवाय सुटणारच नाही अशा जागी तुम्ही स्वतःच आणून ठेवता. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून तो फोल्डर उचलून आणूनही भागत नाही. त्यातल्या फाइल्स प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या असतात.

एमएसओकॅशची गोष्ट तर याहून उलटी आहे. ऑफिस २००३ पासून इन्स्टॉल करताना डिस्कवरच्या मूळ फाइल्सची दाबून ठेवलेली प्रत हार्ड डिस्कवर या लपवलेल्या फोल्डरात ठेवली जाऊ लागली. कशासाठी? पुढे दुरुस्ती लागली तर वापरणाऱ्याला डिस्क शोधावी लागू नये म्हणून! काही शे एमबी वाचवायला तो फोल्डर उडवायचा आणि मग वर्ड डिस्क मागतं म्हणून हैराण व्हायचं, असं चाललंय. २००३ च्या सेटअपमध्ये शेवटच्या पानावर इन्स्टॉलेशन फाइल्स काढून टाकायची चौकट होती, विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्येही ऑफिसच्या सेटअप फाइल्स काढायचा पर्याय दिसायचा. कितीतरी जणांनी तिथे सहज टिक केली असेल, आणि त्याचे परिणाम कित्येक महिन्यांनी दिसले असतील.

सर्व्हिस बंद करणं म्हणजे धुराची घंटा वाजते म्हणून तिची वायर तोडणं. डिस्कची मागणी थांबेल, पण मग त्या यंत्रणेवर चालणारं कुठलंच सॉफ्टवेअर ना बसेल, ना निघेल, ना अपडेट होईल.

राहिला शेवटचा, अर्धा बरोबर सल्ला: काढून पुन्हा टाका. डिस्क हातात असेल तर याने अनेकदा काम होतं हे मान्य. पण डिस्क हातात असेल तर एवढं करायची गरज तरी कुठे? वर्ड २००३ मध्ये हेल्प मेन्यूत 'डिटेक्ट अँड रिपेअर' आहे. डिस्क घालून ते एकदा चालवलं की हरवलेला भाग परत येतो.

मग करायचं काय? मी मावशीला सगळ्यात आधी विचारलं ते हे: नेमकं कधी मागतं? उत्तरावर जवळजवळ सगळं ठरतं. वर्ड उघडताच मागत असेल तर मूळ भागातलं काही हरवलंय. एकच डॉक्युमेंट उघडताना मागत असेल तर त्या फाइलला लागणारी एखादी सोय कधी बसवलीच नव्हती, उदाहरणार्थ दुसऱ्या प्रोग्रॅममधली जुनी फाइल वाचणारा कन्व्हर्टर किंवा मॅक्रोंसाठी लागणारा भाग. एकाच युजरच्या लॉगिनला मागत असेल तर त्या खात्याच्या नोंदी अपुऱ्या आहेत. खातं मर्यादित अधिकारांचं असेल तर दुरुस्ती दर वेळी सुरू होते आणि दर वेळी अर्धवट राहते. अशा वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून वर्ड एकदा उघडून दुरुस्ती पूर्ण होऊ द्यायची.

मावशीच्या बाबतीत वर्ड मुकाट्याने उघडत होतं. पत्र लिहून झालं, स्पेलिंग तपासायला एफ७ दाबलं, की खिडकी हजर. मग आम्ही फोनवरच कंट्रोल पॅनेलमधून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडला, त्यात अ‍ॅप्लिकेशनची यादी. तिथे 'एमएसआयइन्स्टॉलर' नावाने दोन पिवळे इशारे होते, क्रमांक १००१ आणि १००४. पहिल्यात कुठल्या सोयीसाठी तपासणी फसली ते, दुसऱ्यात कुठली वस्तू जागेवर नाही तिचा पूर्ण पत्ता. मावशीने तो एकेक अक्षर करत वाचून दाखवला. 'प्रूफ' नावाच्या फोल्डरातली इंग्रजी शब्दकोशाची फाइल नव्हती, एवढंच. जुन्या नको असलेल्या फाइल्स काढताना कधीतरी तीही गेली होती.

डिस्क कपाटात सापडली. पण ड्राइव्हमध्ये घालूनही खिडकी मागत राहिली, कारण आधी सीडी ड्राइव्हचं अक्षर डी होतं आणि नवं पार्टिशन केल्यावर ते ई झालं होतं. यंत्रणा शेवटचा पत्ता धरून बसते. खिडकीतल्या ब्राउझ बटणाने ई ड्राइव्ह दाखवला आणि काम झालं. मर्यादित खात्यात हे बटण बंद असू शकतं, तेव्हाही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातंच लागतं. आणि डिस्क त्याच आवृत्तीची, त्याच प्रकारची हवी. प्रोफेशनल बसवलेलं असताना स्टँडर्डची डिस्क दिली तर हे पॅकेज या प्रोग्रॅमचं नाही, असं उत्तर मिळतं.

पुढच्या वेळचा त्रास वाचवायला दोन कामं लगेच करून टाकली. अख्खी डिस्क हार्ड डिस्कवर एका फोल्डरात कॉपी केली, म्हणजे परत मागणी आली तर ब्राउझने तो फोल्डर दाखवता येतो. आणि अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्समध्ये ऑफिसच्या 'चेंज'वर जाऊन, पहिल्या वापरावेळी बसवायच्या म्हणून ठेवलेल्या सोयी 'रन ऑल फ्रॉम माय कॉम्प्युटर' करून सगळ्या एकदमच बसवून घेतल्या. या अर्धवट ठेवलेल्या सोयी हेही डिस्क मागण्याचं एक फार नेहमीचं कारण आहे, आणि त्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

डिस्क हरवलीच असेल तर लपवलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू करून आधी एमएसओकॅश आहे का पाहा. तोही नसेल तर हरवलेला भाग तुम्हाला खरंच लागतो का, ते ठरवा. लागत नसेल तर 'चेंज'मध्ये जाऊन ती सोय 'नॉट अव्हेलेबल' करून टाकली की बहुतेक वेळा मागणी थांबते. मात्र हेही सांगायला हवं की ऑफिस २००३ ची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला आणि २००७ ची १० ऑक्टोबर २०१७ ला थांबली. बाहेरून आलेल्या फाइल्स या वर्डमध्ये उघडत असाल, तर लिब्रेऑफिससारखा मोफत आणि चालू प्रोग्रॅम घेणं शहाणपणाचं. तुमच्या जुन्या डॉक फाइल्स त्यात उघडतात.

मेसेज वाचून इन्स्टॉलर किंवा एमएसओकॅश फोल्डर आधीच डिलीट केला असेल, तर आत्ता रिसायकल बिन उघडा. फोल्डर तिथे असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' करा. आणि ते होईपर्यंत बिन रिकामा करू नका.