स्टेटसवरचे आंबे

लॉकडाऊनमध्ये खाण्यापिण्याचे फोटो मिरवणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती, असं एका लेखात वाचलं. मला अर्धंच पटलं.

आम्ही दापोलीकडचे. एप्रिल २०२० मध्ये मार्केट अडलं, तेव्हा आमच्या हापूसच्या पेट्या खपल्या त्या फोटोंवरच. भावाने अढीचे फोटो स्टेटसला टाकले आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून ऑर्डरी आल्या. गिऱ्हाइकं फोडींचे फोटो उलट पाठवायची. बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्याच दिवसांत मुंबईहून चालत आलेली आमच्या वाडीतली पोरं शाळेत क्वारंटाइन होती, नि मी घरात डालगोना कॉफी घोटत होते (फेस काही आला नाही, ती गोष्ट वेगळी). तरी फोटो टाकलाच. शाळेतल्या एकाने त्यावर अंगठा पाठवला, तेव्हा मात्र कानकोंडं झालं.

मग ३ जूनला निसर्ग वादळ. कलमं मुळासकट आडवी, कित्येक दिवस वीज नाही, फोन बंद. कोण काय खातंय, दिसेचना. वीज आल्यावर मी पहिलं काय केलं? आडव्या कलमाचा फोटो टाकला. लाइकही मोजले.