संत्र्याच्या सालीची कॅप्सूल आणि बंद केलेली गोळी

"संत्र्याच्या सालीतल्या पॉलिफेनॉलच्या कॅप्सूलने ब्लॉकेज साफ होतात. शास्त्राने सिद्ध. झाडापासून बनलेली, साइड इफेक्ट शून्य. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा." हा मेसेज नागपुरात मोबाइलवर फिरतोय. अंबाझरीला फिरायला येणाऱ्या एका काकांनी तो वाचून गोळी सोडली, स्टेंट बसवलेला असताना. म्हणून हे लिहितोय.

संत्र्याच्या सालीत आणि फोडींवरच्या पांढऱ्या शिरांत हेस्पेरिडिन हे पॉलिफेनॉल, म्हणजे झाडांत तयार होणारं एक रसायन, असतं, एवढं खरं. 2011 साली फ्रान्समध्ये वजन जास्त असलेल्या 24 पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस किंवा हेस्पेरिडिन दिलं, तेव्हा त्यांचा खालचा बीपी थोडा उतरला. "शास्त्राने सिद्ध" म्हणतात ते असल्या छोट्या प्रयोगांच्या जोरावर. ब्लॉकेज तिथे कुणी तपासलेच नव्हते. त्याआधी 2010 मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या सुमारे दोनशे जणांवर प्रयोग झाला होता. काहींना रोज 800 मिलिग्रॅम हेस्पेरिडिन दिलं, तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हललं नाही. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग गोळीची जागा दुसरं काही घेईल का? 2022 च्या एका अमेरिकन चाचणीत रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या 5 मिलिग्रॅम डोसने 28 दिवसांत एलडीएल सुमारे 38 टक्के उतरवलं. हळद, लसूण, दालचिनीच्या सप्लिमेंट्सनी मात्र तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा एलडीएल जास्त उतरवलं नाही. त्याच वर्षी कॉसमॉस चाचणीचे निकाल आले. एकवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांपैकी निम्म्यांना कोकोतले पॉलिफेनॉल दिले होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यांच्यात कमी दिसले, आशा वाटावी असंच ते आहे. पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून जो मुख्य निकष होता, त्यात ठोस फरक सिद्ध झाला नाही.

"साइड इफेक्ट शून्य" हे तर सरळ धोकादायक. ग्रीन टीच्या अर्कातून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं पॉलिफेनॉल) पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. त्यामुळे इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय असलं काही घेऊच नका.

कॅप्सूलची बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा: "औषधी वापरासाठी नाही." कायद्याने हे छापावंच लागतं.

संत्री खुशाल खा, शिरांसकट खा. कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आणि ज्यांनी ती आधीच सोडली आहे, त्यांनी बाटली सोबत घेऊन याच आठवड्यात दाखवायला जावं.