जेवलीस का?

बाळंत होऊन घरी आले आणि घरातला प्रत्येक जण मला विचारायला लागला, "जेवलीस का?" बरं वाटलं. आठवडाभराने लक्षात आलं की त्याला जोडून पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बाळाला दूध पुरतंय ना?" म्हणजे जेवण माझं, काळजी दुधाची.

तेव्हापासून "आई झाली की बाईला घरात मान मिळतो" असं कुणी म्हणालं की वाटतं, तो मान जमा कुणाच्या खात्यावर होतो ते आधी बघा.

मूल होत नसेल तर सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी तपासण्या सुरू होतात बाईपासून. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, ना सुई ना भूल, आणि तिचाच नंबर शेवटी! मुलगी झाली तरी बोल आईलाच. नेटी स्टीव्हन्स या शास्त्रज्ञ बाईंनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की नर की मादी हे नराच्या शुक्राणूवर ठरतं. एकशेवीस वर्षं झाली, बातमी अजून वाटेतच आहे.

पण मला खरी खुपते ती सासू-सुनेची गोष्ट. "बाईच बाईची वैरीण" म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. डेनिझ कांदियोती या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी केलेला सौदा म्हटलं. तरुणपणी सगळं निमूट सोसायचं, मुलगा वाढवायचा, आणि म्हातारपणी त्याच्या जोरावर सुनेवर हुकूम चालवायचा. आयुष्यभराची कमाई एकाच माणसात गुंतवली असेल, तर त्याच्या बायकोची धास्ती वाटणारच. मी सासूबाईंवर कमी चिडले नाही, पण हा हिशोब कळल्यावर चिडायची दिशा बदलली.

त्यात पैशाची बाजू वेगळीच. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नवरा-बायकोच्या कमाईतली दरी पहिल्या मुलानंतर रुंदावते, हे त्यांच्या कामातून दिसतं. आईचा मान वाढतो म्हणे, आणि नेमका तेव्हाच तिचा पगार मागे पडतो.

परवा घरात विषय निघाला, "दुसरं कधी?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरासाठी कर्ज काढताना एकानेही माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. म्हटलं, "आधी ते कर्जाचे कागद आणा, मग यावर बोलू."

कागद अजून आलेले नाहीत.