स्वप्नात प्रसंग मिळतो, कथा नाही

माझ्या उशाशी एक वही आणि पेन्सिल असते. पेन नव्हे, कारण उताणे पडून लिहिताना बॉलपेन दोन ओळींत रुसते. पहाटे जाग आली की दिवा न लावता हाती लागेल ते खरडून ठेवतो. पहाटेचे स्वप्न खरे होवो न होवो, लक्षात राहते बहुधा तेच, कारण झोपेची साधारण ९० मिनिटांची आवर्तने पुढे सरकतात तसा त्यांतील स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो.

तरीही ‘अमुक कादंबरी लेखकाला स्वप्नातच दिसली’ हे कौतुकाने उच्चारले जाणारे वाक्य मला खटकते. त्यासाठी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाचा दाखला हमखास दिला जातो. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जेकिल आणि हाइड या एकाच माणसाच्या दोन रूपांच्या कथेबद्दल त्याने स्वतःच पुढे लिहिले आहे की पैशांची निकड होती, दोन दिवस डोके खाजवूनही कथानक सुचत नव्हते आणि दुसऱ्या रात्री स्वप्न पडले. पण तेथेच तो हेही सांगतो की स्वप्नात दिसले ते खिडकीचे दृश्य आणि पाठलाग करणाऱ्यांच्या देखत हाइड पूड घेऊन रूप पालटतो तो प्रसंग. बाकी सारे त्याने जागेपणी, समजून उमजून रचले. हा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे तुकोबांना नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन जागे केले. त्या अभंगातला शब्द मात्र नेमका आहे: ‘सांगितलें काम करावें कवित्व’. ओळी मिळाल्या नाहीत, काम मिळाले.

मला हे उशिरा कळले. एकदा स्वप्नात आमची कोठीची खोली दिसली. गुडघाभर पाणी, आणि त्यात पाटावर बसून आजी शांतपणे तांदूळ निवडते आहे. मी ते जसेच्या तसे लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठवले आणि ते साभार परत आले. तेव्हा संपादकांचा राग आला होता. आता वाटते, त्यांचे बरोबर होते. पाण्यात बसून आजी तांदूळ का निवडते, हे स्वप्नाला कोणी विचारत नाही. कथेला पहिल्याच परिच्छेदात विचारतात, आणि ‘स्वप्न होते’ हे त्याचे उत्तर नव्हे, ती पळवाट आहे.

दोन वर्षांनी पुन्हा लिहायला बसलो तेव्हा पाणी काढून टाकले. घरात कोणी तरी आजारी आहे, डॉक्टर आत आहेत आणि आजी निवडून झालेलेच तांदूळ पुन्हा निवडते आहे, एवढे उरले. कथा वाचून आत्या म्हणाली, “अरे, आई चष्म्याशिवाय कधी तांदळाला हात लावत नसे.” स्वप्नात तिला चष्मा नव्हता. तेवढे मी बदललेले नाही.