परदेशी खेळाडूंना हॉल ऑफ फेमबाहेर काढण्याचे घरगुती उपाय

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा प्रश्नमंजूषा होती. क्रीडा विभाग, शेवटचा प्रश्न, दहा गुण: ऑलिम्पिक बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक पॉइंट कोणाचे? मी माईक हातात यायची वाटही न बघता ओरडलो, "ऑस्कर श्मिट, ब्राझील!" सूत्रसंचालकाचं वय चोविसेक वर्षं, अंगात लेकर्सची, म्हणजे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघाची, पिवळी जर्सी. त्याने आधी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दवाखान्यातला कंपाउंडर बोलतो तशा मायेने म्हणाला, "चुकलं, काका. केव्हिन ड्युरंट."

मी म्हटलं, अरे बाबा, ड्युरंट अमेरिकेकडून सर्वाधिक. ऑस्करचे पाच ऑलिम्पिक मिळून १,०९३ आहेत, ड्युरंटचे त्याच्या निम्मेसुद्धा भरत नाहीत. ऑस्कर हॉल ऑफ फेममध्ये, बास्केटबॉलच्या थोरांच्या दालनात आहे! त्यावर पोरगा हसला. "काका, एनबीएत एक मॅच न खेळलेला माणूस हॉल ऑफ फेममध्ये कसा असेल?" मंडपात हशा. आरतीची वेळ झाली होती, दहा गुण गेले, आणि कॅसरोल बी विंगला गेला. (कॅसरोल आपल्या घरात दोन आहेत, हे बायकोने लिफ्टमध्ये सांगितलं. मुद्दा तो नाही.)

रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर पुरावा टाकला. चूक कबूल झाली का? छे. साडेअकराला उत्तर आलं: "असेल आत. पण असायला नको." मग ज्यांनी आयुष्यात चेंडू फक्त गॅलरीतून खाली फेकला अशा अकरा जणांनी त्याला अंगठे दिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑलिम्पिक, वर्ल्ड कप, युरोप असल्या किरकोळ गोष्टींवर हॉल ऑफ फेम मिळू नये, हे ज्ञान आता सर्वमान्य आहे. तुमच्यावरही कधी मंडपात अशी वेळ येईल. म्हणून काही उपाय देतो, जपून ठेवा.

सगळ्यात आधी, पाटी वाचू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जी इमारत आहे तिचं नाव 'नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम' असं आहे. त्यात एनबीए ही तीन अक्षरं कुठेही नाहीत. तिथे कॉलेजचे कोच आहेत, पंच आहेत, बायका आहेत, गावोगाव फिरून खेळ करणारे संघसुद्धा आहेत. पण पाटी वाचली की वाद संपतो, आणि वाद संपला तर आपण काय करायचं? नेस्मिथ कोण हेही शोधू नका. तो कॅनडाचा, ओंटारियोत जन्मलेला. त्याने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि खेळ सुरू केला. एनबीएची स्थापना १९४६ सालची. म्हणजे नातीने आजोबांना विचारायचं, तुम्ही आमच्या घरात कसे? १९३६ ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकला बास्केटबॉल आलं, अंतिम सामना उघड्यावर, पावसात, चिखलात झाला, अमेरिकेने कॅनडाला १९-८ ने हरवलं, आणि हा म्हातारा ते बघायला हजर होता. आंतरराष्ट्रीय कामगिरीचं त्याला भारी कौतुक दिसतं. तेव्हा साफसफाई करायचीच तर सुरुवात त्याच्यापासून करा. पाटीसकट काढा.

दुसरा उपाय हुकमी आहे. कोणाचंही नाव निघालं की भुवया उंचावून विचारायचं, "पण खेळला कोणाविरुद्ध?" ग्रीसचा गालिस? कोणाविरुद्ध? लिथुआनियाचा साबोनिस? कोणाविरुद्ध? हा प्रश्न एनबीएच्या सुरुवातीच्या काळातल्या जॉर्ज मायकनला मात्र विचारायचा नाही. मायकन १९५९ च्या पहिल्याच तुकडीत हॉलमध्ये गेला, तो एनबीएत खेळायला लागला तेव्हा तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, पहिले १९५० मध्ये आले. तरी मायकन थोरच, मलाही आवडतो. प्रश्न फक्त व्हिसावाल्यांना. आता समोरचा चिवट निघाला आणि म्हणाला, "२००४, अथेन्स, उपांत्य सामना, अर्जेंटिना ८९, अमेरिका ८१, जिनोबिलीचे २९, आणि समोर टिम डंकन, आयव्हर्सन, लेब्रॉन", तर घाबरू नका. म्हणायचं, "तेव्हा अमेरिकेने मनावर घेतलं नव्हतं." अमेरिका जिंकली की दर्जा, हरली की मूड. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण हेच वाक्य वापरायचो, फक्त आपल्याला कोणी सोडलं नाही.

तिसरं, अंगठ्या मोजा. एनबीए जिंकली की अंगठी मिळते, त्यामुळे कोणाची किती बोटं भरली आहेत यावर माणसाचा खेळ कळतो. आपल्याकडेही पुष्कराज, नीलम, पोवळं, गोमेद घालणाऱ्यांची भरभराट आपण बघतोच. रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त, पण तो हॉलमध्ये नाही. बार्कली आणि कार्ल मलोनकडे एकही नाही, ते दोघं आत आहेत. हे उदाहरण कोणी दिलं तर विषय बदला, प्रसाद वाटायला उठा.

बायकांचा विषय काढूच नका. सोव्हिएत संघाची उल्याना सेम्योनोव्हा हे नाव उच्चारायला अवघड आहे एवढंच म्हणा, १९७६ आणि १९८० ची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं आपोआप गळून पडतील.

आता ऑस्कर. याच्यासाठी खास उपाय आहे, नीट ऐका. म्हणायचं, "एवढा भारी होता तर एनबीएत का नाही गेला?"

किती सोपं वाक्य आहे. मंडपात त्या पोराने याच अर्थाचं म्हटलं, आणि माझ्याकडे माईक नव्हता. आता आहे. १९८४ मध्ये एनबीएच्या न्यू जर्सी नेट्सने ऑस्करला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडलं होतं. बोलावलं होतं, बाबांनो! तो गेला नाही, कारण त्या काळच्या नियमाने एनबीएत खेळलेल्या माणसाला देशाकडून खेळायला बंदी होती. नियमाची गंमत अशी की इटलीत पैसे घेऊन खेळलात तर तुम्ही हौशी, अमेरिकेत पैसे घेऊन खेळलात तर व्यावसायिक. हा नियम १९८९ मध्ये उठला. तोवर ऑस्कर ३१ वर्षांचा झाला होता. म्हणजे समोर दोन दारं होती: एकात शिरलं की दुसरं कायमचं बंद. त्याने ब्राझीलचं दार निवडलं. पाच ऑलिम्पिक खेळला, १९८० पासून १९९६ पर्यंत. १९८८ ला सोलमध्ये त्याची सरासरी होती सामन्याला ४२.३ पॉइंट. ऑलिम्पिकमध्ये! आपल्या सोसायटीच्या पोरांच्या अख्ख्या मॅचचा स्कोअर तेवढा होत नाही. आणि १९८७, पॅन अमेरिकन स्पर्धा, इंडियानापोलिस, म्हणजे अमेरिकेचं अंगण. अंतिम सामना, अमेरिकेच्या संघात डेव्हिड रॉबिन्सन, डॅनी मॅनिंग. मध्यंतराला ब्राझील चौदाने मागे. शेवटी १२०-११५, ब्राझील. ऑस्करचे ४६. पुढच्या वर्षी सोलला सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ ने उचललं, आणि नियम बदलल्यावर १९९२ ला अमेरिकेने एनबीएच्या ताऱ्यांची ड्रीम टीम पाठवली. पोस्टर आपण खोलीत ड्रीम टीमचं लावलं, पण तिची गरज ज्यांनी निर्माण केली त्यांची नावं विचारली की मंडप हसतो.

आणि साबोनिस? एनबीएच्या पोर्टलंडने त्याला १९८६ मध्ये निवडलं. तो पोचला १९९५ ला. मधली नऊ वर्षं काय तो फलाटावर पेपर वाचत बसला होता? सोव्हिएत सरकार होतं, टाचेच्या वरची शीर तुटली होती, पुन्हा तुटली होती. तिशीत, दुखऱ्या पायांनी तो आला तरी लोक बघत राहिले. ज्या माणसाला सरकारने सोडलं नाही त्याला आपण विचारतो, वीस ते तीसमध्ये एनबीएत तुझे आकडे काय? अरे, तेव्हा तो ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकत होता, तुम्हाला हरवून! तुम्हाला म्हणजे... आपण कुठे होतो म्हणा त्यात. पण जर्सी बघितली की वाटतं आपणच खेळत होतो.

माफ करा, उपाय सांगत होतो.

पुढचा उपाय: "त्यांचं वेगळं घर आहे ना?" फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचा, स्वतंत्र हॉल ऑफ फेम आहेच, तिकडे जा म्हणावं. धाकट्या भावाला वेगळं काढताना हेच बोलतात.

शेवटचा उपाय जरा नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय कामगिरी धरायची नाही, पण अमेरिकेची असेल तर धरायची. १९६० चा आणि १९९२ चा अमेरिकेचा ऑलिम्पिक संघ २०१० मध्ये अख्खाच्या अख्खा हॉलमध्ये गेला. २००८ चा २०२५ मध्ये गेला. त्यामुळे कार्मेलो अँथनी आणि ड्वाइट हॉवर्ड यांचा एकाच वर्षी दोनदा सत्कार झाला, एकदा स्वतःचा, एकदा संघाबरोबर. कार्मेलोकडे एनबीएची अंगठी नाही, ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं आहेत. मला आनंदच आहे, माणूस त्या लायकीचा होता. पण मग ऑस्करने काय घोडं मारलं होतं? बीजिंगचं सुवर्ण ही थोर कामगिरी, आणि जिनोबिलीचं अथेन्सचं सुवर्ण, जिथे याच कार्मेलोच्या संघाला हरवलं, ते 'पण त्याची एनबीएत सरासरी १३.३ होती ना'?

बस झालं. उपाय संपले.

सरळच बोलतो. एखादं पदक गळ्यात पडलं म्हणून कोणालाही आत घ्या असं मी म्हणत नाही. संघातल्या बाराव्या खेळाडूलाही सुवर्ण मिळतं, त्याला हॉलमध्ये बसवायचं कारण नाही. कोण, किती वर्षं, कोणत्या दडपणाखाली आणि त्याच्या देशाचा खेळ त्याच्यामुळे बदलला का, हे बघाच, कडक बघा. पण बघा तर खरं! तुम्ही बघतच नाही. मोबाइलवर दोन मिनिटांच्या चित्रफिती बघता, त्या फक्त एका लीगच्या असतात, म्हणून जगात एकच लीग होती असं ठरवून मोकळे होता. ड्रॅझन पेत्रोव्हिच २८ व्या वर्षी जर्मनीत मोटार अपघातात गेला, ७ जून १९९३ ला. युगोस्लाव्हिया आणि क्रोएशिया दोन्हींकडून ऑलिम्पिक रौप्य जिंकलेला माणूस. आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "एनबीएत फक्त चारच सीझन?" फक्त! मेला होता तो!

उद्या कबड्डीचा हॉल ऑफ फेम काढा आणि नियम करा, प्रो कबड्डी खेळलेलेच आत. लीग सुरू झाली २०१४ मध्ये. १९९० ला बीजिंगच्या एशियाडमध्ये भारताला कबड्डीचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे सगळे बाहेर. चालेल? गावसकरांना विचारा, आयपीएलमध्ये रन किती? चालेल? तेव्हा कशी मिरची झोंबते! मग ब्राझीलच्या माणसाला का नाही झोंबणार? तिथेही कोणीतरी काका असेलच, मंडप नसेल एवढंच.

आणि हे बोलतंय कोण? आपण. भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकला गेला एकदाच, १९८० ला, मॉस्कोत, बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून. बारा संघांत बारावे आलो. तरी मला त्या मुलांचा अभिमान आहे. नागपाड्याच्या, पंजाबच्या, कुठल्या कुठल्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर गुडघे सोलून आपल्याकडे खेळाडू तयार होत होते. त्याच स्पर्धेत ऑस्करचं पहिलं ऑलिम्पिक होतं. आपल्या पोरांनी तो माणूस त्याच छपराखाली बघितला. त्यांच्यातल्या एकाला उभा करून विचारा, हा भारी होता का, एनबीएत गेला नाही तरी? मग बघा कोण हसतंय.

कॅसरोल बी विंगने ठेवावा, पोळ्या गरम राहोत. पण गुणफलक अजून मंडपाच्या खांबाला टांगलेला आहे, विसर्जनाला तीन दिवस आहेत, आणि खडू माझ्याकडे आहे. ए विंगचे दहा गुण मी स्वतः जाऊन लिहिणार आहे.