पास आउट झाली म्हणजे चक्कर आली नाही

भाचीचा परवा रात्री फोन. "मामा, मी बायोडेटात 'पास्ड आउट इन २०२४' लिहिलं होतं. म्हणजे मी बेशुद्ध पडले असं झालं ना रे?" धाकट्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला तो फॉरवर्ड तिच्यापर्यंत पोचला होता. 'पास आउट'चा अर्थ फक्त शुद्ध हरपणे, बाकी सगळं आपलं अडाणी इंग्रजी, त्याजागी सरसकट 'ग्रॅज्युएटेड' लिहा, आणि असली जोडक्रियापदं बायोडेटातून काढूनच टाका.

फक्त? मग खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पासिंग आउट परेड होते ती कसली? ३० मे २०२५ ला १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली, ती चांगली ताठ मानेनं संचलन करत. आणि हा वापर आपण शोधलेला नाही, तो साहेबाच्याच फौजेचा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात बेशुद्धीच्या खालोखाल लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणं हा अर्थ दिलाय, वर 'ब्रिटिश' अशी नोंद करून. आपल्याकडे तो कॉलेजलाही लागला, एवढंच. अमेरिकेतल्या बाई वर्गात पेपर 'पास आउट' करतात तेव्हा त्या ते मुलांना वाटून देतात, हा आणखी तिसरा अर्थ.

पण माझं डोकं फिरलं ते 'ग्रॅज्युएटेड'वरून. अमेरिकेत शाळा संपवणारं पोरही ग्रॅज्युएट होतं. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर. भाचीचा आहे मेकॅनिकलचा डिप्लोमा! फॉरवर्ड वाचून घाबरून तिनं शब्द बदलला आणि दोन कंपन्यांना बायोडेटा पाठवूनही दिला. उद्या कुणी पदवीचं प्रमाणपत्र मागितलं तर ही पोरगी खोटारडी ठरणार. बरोबर इंग्रजीच्या नादात खोटी माहिती! आधीचं वाक्य निदान खरं तरी होतं.

आता एक कबूल करतो, नाइलाजानं. अमेरिकन माणसाच्या कानाला 'पास आउट' म्हटलं की आधी भोवळच ऐकू येते. तिकडे अर्ज करायचा तर हा शब्द टाळावा. आणि 'मी २०२४ची पासआउट' हे नाम मात्र अस्सल आपलं, बाहेर चालत नाही.

जोडक्रियापदं काढून टाका म्हणणाऱ्यांनी कुठलाही सरकारी इंग्रजी अहवाल उघडावा. 'कॅरी आउट' आणि 'सेट अप' पानापानावर सापडतील.

भाचीनं 'डिप्लोमा कम्प्लीटेड, २०२४' असं करून दोन्हीकडे पुन्हा मेल केला. काकांना मी ग्रुपवरच हे सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: हात जोडलेले दोन, आणि खाली इंग्रजीतल्या पन्नास चुकांचा नवा फॉरवर्ड.